ओढ्याचा पाणलोट स्वतः आखा, चाला आणि मोजा

ओढ्याला पूर आला की सगळ्यांची नजर काठाकडे जाते. कुणी भिंत बांधा म्हणतं, कुणी गाळ काढा, कुणी पात्र रुंद करा. पण त्या पुलाखालून किती पाणी जाणार हे वरच्या डोंगरमाथ्यापर्यंत पसरलेल्या जमिनीवर ठरतं. पावसाचा थेंब जिथे पडला तर शेवटी तुमच्या ओढ्यालाच येऊन मिळतो, अशी सगळी जमीन म्हणजे त्या ओढ्याचा पाणलोट. तो कागदावर आखल्याशिवाय बंधाऱ्यावर, मोरीवर किंवा भिंतीवर एक रुपयाही खर्च करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

खालची पद्धत साधारण २०० ते २,००० हेक्टरच्या ओढ्यांसाठी आहे. उदाहरणं दख्खनच्या बेसॉल्टमधली, म्हणजे लाव्हाच्या काळ्या कातळातली आहेत. कोकणातल्या आणि गोव्यातल्या जांभ्याच्या सड्यावर आखणीची रीत तीच राहते, पण पाणी मुरण्याचा हिशेब बदलतो. ओळखीचं उदाहरण म्हणून अधूनमधून पुण्याच्या आंबील ओढ्याकडे वळू. छोट्या ओढ्याच्या भूगोलातल्या बहुतेक अडचणी त्याच्यात एकत्र सापडतात.

नकाशा आणि सामान

सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्या. त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की खुल्या मालिकेतले नकाशे पीडीएफमध्ये मिळतात. या प्रमाणात नकाशावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, आणि १ चौरस सेंटिमीटर म्हणजे २५ हेक्टर. तपकिरी समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटर उंचीच्या अंतराने असतात आणि दर पाचवी रेषा जाड असते. निळ्या रेषेतल्या ओढ्याला पाणी असतं, काळ्या रेषेतला ओढा उन्हाळ्यात कोरडा पडतो. अर्थात ही स्थिती सर्वेक्षणाच्या वर्षाची आहे. त्यानंतर बोअर वाढले, झरे आटले, त्यामुळे निळी रेषा दिसली म्हणून पाणी गृहीत धरू नका.

पीडीएफ छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर प्रमाण बिघडतं. छापून झाल्यावर नकाशातली प्रमाणपट्टी फुटपट्टीने मोजा. १ किलोमीटरची पट्टी बरोबर २ सेंटिमीटर भरली नाही, तर तो कागद क्षेत्रफळासाठी कामाचा नाही.

याशिवाय पारदर्शक ट्रेसिंग कागद, आलेख कागद, दोरा, ३० मीटरचा टेप, गावाचा गट नंबर दाखवणारा नकाशा आणि लोकेशन नोंदवणारा मोबाइल लागेल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्यातल्या पाणलोटांना खोऱ्यानुसार सांकेतिक क्रमांक दिलेले आहेत (भीमेच्या खोऱ्यात ते बीएम या अक्षरांनी सुरू होतात). तुमचं गाव कोणत्या क्रमांकात येतं ते आधीच विचारून ठेवा, कारण विहिरींच्या पातळीची सरकारी आकडेवारी त्याच क्रमांकाखाली मिळते.

सीमा आखताना

आधी निर्गम बिंदू ठरवा, म्हणजे ज्या जागेच्या वरचं पाणी मोजायचं आहे ती जागा. पूल, बंधारा किंवा नदीशी संगम, यांपैकी काहीही चालेल. पण एकदा ठरला की बदलू नका. बिंदू २०० मीटर खाली सरकला आणि मध्ये एखादा ओहोळ येऊन मिळाला, तर क्षेत्रफळ एकदम शंभर हेक्टरने वाढू शकतं.

मग त्या बिंदूच्या वर असलेले सगळे ओहोळ रंगीत पेन्सिलीने गिरवा. नकाशात न दाखवलेल्या घळीसुद्धा समोच्च रेषांच्या टोकदार वळणांवरून ओळखता येतात. वळणाचं टोक चढाकडे असेल तर तिथे घळ आहे आणि उताराकडे असेल तर डोंगराची सोंड. सीमारेषा सोंडेच्या कण्यावरून चढते, शिखरावरून माथ्याला लागते, खिंडीत उतरते, पुन्हा चढते आणि दुसऱ्या सोंडेवरून निर्गम बिंदूपाशी परत येते. तिने प्रत्येक समोच्च रेषा काटकोनात ओलांडली पाहिजे आणि निर्गम बिंदू सोडून कुठेही ओहोळ कापता कामा नये. कुठे कापत असेल तर रेषा चुकली, एवढं नक्की. तपासायचं असेल तर रेषेच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ एकेक ठिपका घ्या आणि पेन्सिल समोच्च रेषांना काटकोनात खाली उतरवत न्या. एक ठिपका तुमच्या ओढ्यात आणि दुसरा शेजारच्या ओढ्यात पोहोचला पाहिजे.

आंबील ओढ्याची दक्षिण सीमा कात्रजच्या घाटमाथ्यावर आहे. माथ्याच्या उत्तरेला पडलेला पाऊस आंबील ओढ्यातून मुठेला जातो. दक्षिणेला पडलेला शिवगंगेतून गुंजवणीला आणि पुढे नीरेला मिळतो. ही दोन पाणी पुन्हा भेटतात ती थेट नीरा नरसिंहपूरला, नीरा-भीमेच्या संगमावर. माथ्यावरच्या चार पावलांच्या फरकाने एवढा फेर पडतो, म्हणून रेषा काढताना घाई करू नये.

खरी परीक्षा असते ती माळरानावर आणि पठारावर. तिथे दोन समोच्च रेषांमध्ये किलोमीटरभर अंतर असतं आणि नकाशा काहीच सांगत नाही. अशा जागी रेषा तुटक काढा आणि शेजारी ‘चालून बघणे’ असं लिहा.

क्षेत्रफळासाठी सीमा ट्रेसिंग कागदावर उतरवून आलेख कागदावर ठेवा. २ मिलिमीटरचा एक चौरस म्हणजे बरोबर १ हेक्टर. पूर्ण चौरस मोजा, सीमेवरचे अर्ध्याहून जास्त आत असतील तर धरा, नाहीतर सोडा. दोन माणसांनी वेगवेगळं मोजावं. उत्तरात पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा मोजावं.

संगणकावर करायचं असेल तर

क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि ३० मीटर चौकटीची उंचीची माहितीही (एसआरटीएम ही उपग्रहावरची माहिती किंवा इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरची कार्टोडेम) फुकट मिळते. माहिती आधी मीटरमधल्या प्रक्षेपात, म्हणजे अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशापद्धतीत आणा. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला यूटीएम ४३ उत्तर, नागपूर-चंद्रपूरकडे ४४ उत्तर. ही पायरी गाळली की क्षेत्रफळ अंशांत येतं आणि त्याला काही अर्थ उरत नाही. पुढे खड्डे भरणे, प्रवाहाची दिशा, प्रवाहाचा साठा आणि पाणलोट असा क्रम. वरच्या किमान ५०० चौकटींचं पाणी गोळा झालं की ओहोळ सुरू होतो असं धरलंत, तर तो ४५ हेक्टर जमिनीनंतर दिसायला लागतो. छोट्या ओढ्यासाठी ही मर्यादा १०० ते १५० चौकटींवर आणा.

इथे सगळ्यात जास्त वेळा बिघडतो तो निर्गम बिंदू. तुम्ही टिचकी मारलेला बिंदू प्रवाहाच्या चौकटीच्या शेजारी पडला, तर ५०० हेक्टरऐवजी तीन-चार हेक्टरची एक चिंचोळी पट्टी मिळते. बिंदू प्रवाहरेषेवर नेमका आणा. दुसरं म्हणजे ३० मीटरच्या चौकटीत शेताचा बांध, रस्त्याचा भराव, चारी यांतलं काही दिसत नाही, आणि सपाट काळ्या रानात उंचीतली दोन-चार मीटरची चूकसुद्धा पाणलोट शेजारच्या गावात ढकलते. डोंगराळ भागात मात्र संगणकाची रेषा हाताच्या रेषेशी छान जुळते.

चालणं

कागदावरची सीमा हा अंदाज आहे, ती चालून पक्की करायची असते. दोन वेळा चाला. पहिल्यांदा एप्रिल-मेमध्ये, गवत वाळलेलं असताना, म्हणजे खडक आणि घळी उघड्या दिसतात. दुसऱ्यांदा जुलैत चांगल्या पावसानंतर, पाणी कुठून कुठे वाहतंय ते डोळ्यांनी बघायला. दुसरी फेरी टाळली तर पहिलीचा फारसा उपयोग नाही.

सीमेवर चालताना माणसांनी केलेले बदल शोधा. रस्त्याकडेची गटार खिंडीतून पाणी पलीकडे नेत असते. ताल घातलेली शेतं ओहोळाला आडवं वळण देतात. कालवा डोंगराच्या कडेने जाताना वरचे ओहोळ स्वतःत घेतो किंवा त्यांना मोऱ्यांतून खाली सोडतो, आणि कोणता ओहोळ कुठे गेला हे जागेवरच कळतं. शहरात पावसाळी गटारं माथा बिनदिक्कत ओलांडतात, त्यामुळे तिथे समोच्च रेषेचा पाणलोट आणि प्रत्यक्ष पाणलोट असे दोन वेगळे नकाशे करावे लागतात.

आंबील ओढ्यात हे सगळं आहे. अठराव्या शतकाच्या मध्याला, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी बंदिस्त नळाने शहरात आणलं गेलं. पर्वतीच्या पायथ्याशी तळं झालं तेव्हा ओढ्याचा प्रवाहच वळवला गेला. पुढे खडकवासल्याचा मुठा उजवा कालवा याच परिसरातून गेला. २७ सप्टेंबर २०१८ला हा कालवा पर्वतीजवळ फुटला आणि दांडेकर पूल परिसरातल्या वस्तीत पाणी घुसलं. ते पाणी आंबील ओढ्याच्या पाणलोटात पडलेल्या पावसाचं नव्हतं. पुढच्याच वर्षी, २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री, ओढ्याच्या स्वतःच्या पाणलोटातल्या पावसाने महापूर आला आणि माणसं दगावली. म्हणून नकाशावर कालवा, जलवाहिनी, तलाव आणि वळवलेला प्रवाह वेगळ्या रंगात दाखवा. तलावाच्या शेजारी तो कोणत्या महिन्यात भरतो तेही लिहा. जूनमध्ये रिकामा तलाव पूर पोटात घेतो, सप्टेंबरअखेर भरलेला तलाव आलेलं पाणी जवळजवळ तसंच पुढे सोडतो.

आता खडक बघा. दख्खनचा बेसॉल्ट थरांवर थर असा आडवा पसरलेला आहे, म्हणून आपले डोंगर पायऱ्यांचे दिसतात. घळीत उभं राहून कड्याकडे नीट पाहिलं तर दोन थरांमध्ये वीत-दोन वीत जाडीचा विटकरी, गेरूसारखा पट्टा दिसतो. वरच्या फुटलेल्या खडकातून उतरलेलं पाणी या चिकट थरावर अडतं आणि आडवं वाहत कड्याला बाहेर पडतं. झरे बहुधा एकाच उंचीवर ओळीने सापडतात ते यामुळे. मे महिन्यात पाणी नसलं तरी उंबर, करंज, जांभूळ किंवा लव्हाळ्याचा हिरवा पट्टा ती रेषा दाखवतो. तिची उंची नोंदवा आणि त्याच उंचीवर शेजारच्या घळी तपासा, न नोंदलेले झरे मिळतील.

विहीर खोदणाऱ्यांना विचारा, मांजऱ्या (भोकाभोकांचा बेसॉल्ट) किती फुटांवर लागला आणि काळा पाषाण कुठे. मांजऱ्या खडक झिजून मऊ झाला असेल तर पाणी धरतो, सलग काळा पाषाण धरत नाही. ओढ्याला आडवी जाणारी, भिंतीसारखी उभी काळी रेघ (डाइक) दिसली तर ती नकाशावर जरूर घ्या. तिच्या वरच्या अंगाच्या विहिरींना पाणी आणि खालच्या कोरड्या, असं बऱ्याच ठिकाणी आढळतं. बंधाऱ्याची जागा ठरवताना ही एक रेघ फार मोलाची ठरते. गाळ काढताना मुरूम संपून पाषाण लागला की थांबावं. त्याच्याखाली खोदलं तर पाणी मुरणार नाही, उलट शेजारच्या विहिरींचं पाणी ओढ्यात उतरेल.

पाऊस आणि वाहतं पाणी

१ मिलिमीटर पाऊस १ हेक्टरवर पडला की १०,००० लिटर पाणी होतं. ४०० हेक्टरच्या पाणलोटावर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे २० कोटी लिटर. पर्जन्यमापक झाड-भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर ठेवा आणि रोज सकाळी ८.३०ला वाचा, म्हणजे हवामान खात्याच्या आकड्यांशी तुलना जमते. जोराच्या पावसात दर १५ मिनिटांनी वाचा. छोट्या ओढ्याचा पूर दिवसाच्या एकूण पावसापेक्षा त्या अर्ध्या तासाच्या जोरावर ठरतो.

ओढ्यातला प्रवाह मोजायला तीन उपाय आहेत. झऱ्याला बादली आणि घड्याळ पुरतं. बारीक प्रवाहाला ९० अंशांच्या खाचेची पत्र्याची पाटी आडवी बसवा. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मीटरमध्ये घेऊन तिचा अडीचावा घात करा आणि १.३८ने गुणा, घनमीटर प्रति सेकंद मिळतात. १० सेंटिमीटर उंचीला सुमारे ४.४ लिटर प्रति सेकंद, २० सेंटिमीटरला सुमारे २५ लिटर. उंची खाचेत मोजू नका, कारण तिथे पाण्याची पातळी खचलेली असते. त्या उंचीच्या किमान चौपट अंतर वरच्या बाजूला मोजा. पाटीच्या खालून किंवा कडेने पाणी झिरपत असेल तर चिकणमातीने बंद करा, नाहीतर आकडा कमीच येईल.

मोठ्या प्रवाहाला तरंगता पदार्थ वापरा. सरळ, समान रुंदीचा २० मीटरचा भाग निवडा आणि त्यात संत्रं किंवा लिंबू सोडा. ते बहुतांश बुडून चालतं, म्हणून वाऱ्याने ढकललं जात नाही. पाच वेळा वेळ घ्या आणि सरासरी काढा. समजा रुंदी २ मीटर आहे. दर ४० सेंटिमीटरवर खोली घेतली, ती १५, ३०, ३५ आणि २० सेंटिमीटर आली. बेरीज १००, तिला ४०ने गुणलं की ४,००० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.४ चौरस मीटर छेद. २० मीटरला ५० सेकंद लागले तर वेग ०.४ मीटर प्रति सेकंद. पण पृष्ठभाग तळापेक्षा जोरात वाहतो, म्हणून दगडगोट्यांच्या उथळ ओढ्यात ०.७ने आणि खोल, गुळगुळीत पात्रात ०.८५ने गुणायचं. इथे ०.२८ धरून प्रवाह सुमारे ११२ लिटर प्रति सेकंद. वेगवान पाणी गुडघ्याच्या वर असेल तर आत उतरू नका. पातळी काठावरूनच नोंदवा आणि छेद उन्हाळ्यात मोजा.

पुराचा अंदाज

आपल्या ४०० हेक्टरमध्ये १६० हेक्टर मुरमाड डोंगर, २०० हेक्टर शेती आणि ४० हेक्टर वस्ती आहे असं धरू. पावसातला किती भाग वाहून येतो त्याचे गुणांक डोंगराला ०.४, शेतीला ०.३, वस्तीला ०.७ घेतले, तर भारित सरासरी ०.३८ येते. सर्वात लांब ओहोळ ३ किलोमीटर आणि त्याच्या दोन टोकांतला उंचीचा फरक १२० मीटर असेल, तर किर्पिचच्या सूत्राने टोकाचं पाणी निर्गम बिंदूपाशी यायला सुमारे ३२ मिनिटं लागतात. (ओहोळाच्या मीटरमधल्या लांबीचा ०.७७ घात, गुणिले उताराचा उणे ०.३८५ घात, गुणिले ०.०१९५. उतार इथे १२० भागिले ३,०००, म्हणजे ०.०४.) म्हणून आपल्याला अर्ध्या तासाच्या पावसाची तीव्रता हवी. अर्ध्या तासात ३० मिलिमीटर पडला तर ती ताशी ६० मिलिमीटर. गुणांक, तीव्रता आणि हेक्टर यांच्या गुणाकाराला ३६०ने भागा, उत्तर येतं सुमारे २५ घनमीटर प्रति सेकंद.

आता पुलाकडे चला. १.२ मीटर व्यासाचे दोन पाइप टाकलेली मोरी गावोगावी दिसते. दोन्हींचा छेद मिळून २.२६ चौरस मीटर. पाणी सेकंदाला ३ मीटर वेगाने गेलं तरी त्यातून जेमतेम ७ घनमीटर जाईल. उरलेलं पाणी रस्त्यावरून किंवा घरांतून जाणार, आणि पाइपात फांद्या-प्लास्टिक अडकलं तर याहूनही जास्त. पात्रातल्या प्रत्येक मोरीचा छेद मोजून तिच्या वरच्या पाणलोटाशी असा ताडून बघा. सगळ्यात अपुरी मोरी कोणती हे एका दुपारी कळतं.

त्याच पाणलोटात उद्या १२० हेक्टर शेतीचं प्लॉटिंग झालं तर गुणांक ०.३८वरून ०.५वर जातो आणि त्याच पावसाला पूर ३३ घनमीटरवर. शिवाय काँक्रीटच्या गटारांमुळे पाणी ३२ऐवजी २० मिनिटांत पोहोचलं, तर अर्ध्या तासाहून कमी वेळाचा, जास्त जोराचा पाऊस हिशेबात येतो. ताशी ८० मिलिमीटर धरला तर ४४ घनमीटर. ओढ्याच्या पात्राला कुणी हातही न लावता पूर पाऊणपटीने वाढतो. बांधकाम परवानगीच्या चर्चेत हा हिशेब मांडायलाच हवा. नद्यांसाठी जलसंपदा विभाग सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखतो. छोट्या ओढ्यांना बहुतेक ठिकाणी अशी रेषाच नसते.

हे सूत्र ढोबळ आहे. पडताळ्यासाठी जुन्या पुराच्या खुणा शोधा. झुडपात अडकलेला केरकचरा, देवळाच्या भिंतीवरचा गाळाचा पट्टा, घराच्या कोणत्या पायरीपर्यंत पाणी आलं याची माणसांची आठवण. दोन वेगवेगळ्या घरांनी सांगितलेली उंची जुळली तरच ती धरा.

नोंदवही

पुलाच्या खांबावर ऑइल पेंटने दर १० सेंटिमीटरला खूण करा, शून्य पात्राच्या तळाला. त्याच पानावर पाऊस, पातळी, वेळ आणि पाण्याचा रंग लिहा. गढूळ पाणी कोणत्या ओहोळातून येतं ते संगमावर उभं राहून कळतं, आणि माती कुठली वाहून जाते तेही. पाणलोटाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातली एकेक विहीर निवडून मे अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये पातळी मोजा. टेप दरवेळी काठावरच्या एकाच रंगवलेल्या खुणेपासून सोडा आणि त्याआधी किमान रात्रभर पंप बंद ठेवायला सांगा, नाहीतर उपशामुळे खचलेली पातळी मोजली जाते. नवी मोरी, नवं प्लॉटिंग, वळवलेली चारी असं काही झालं की त्याच आठवड्यात नकाशावर तारखेसह दुरुस्ती करा. ग्रामपंचायतीकडे मूळ नकाशा द्या आणि प्रत स्वतःकडे ठेवा.